उजव्या पंखातला बोल्ट

१

"चूक माझीच आहे. लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा."

सुताराचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते आणि हनुवटीवर टाके. हाताची बोटं मात्र शाबूत होती आणि ती चादरीची किनार एकसारखी चाचपत होती. लाकडाची कड तासून गुळगुळीत झाली की नाही, हे बघायची जन्माची सवय.

तपासबाईंनी वही उघडली, पण पेन उचललं नाही. त्या बावीस वर्षं विमान चालवायला शिकवत होत्या आणि गेली अकरा वर्षं पडलेल्या विमानांचा तपास करत होत्या. एवढ्या वर्षांत कबुली देण्याची इतकी घाई झालेला माणूस त्यांना भेटला नव्हता.

"काय झालं ते सांगा."

"शेवटचं वळण. धावपट्टी मागे पडायला लागली म्हणून मी जोरात वळवलं. वेग कमी झाला. विमान बसलं. बस्स."

"मग?"

"मग काय? मेहुणा गेला. बायकोचा धाकटा भाऊ. बस चालवायचा. दोन दिवसांसाठी आला होता. दुपारच्या गाडीनं जायचा होता, म्हणून म्हटलं, सकाळी एक चक्कर मारून आणू. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता तो."

"फ्लॅप कधी सोडले?"

चादरीवरची बोटं थांबली.

फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा. उतरताना त्या खाली सोडल्या की विमान कमी वेगातही तरंगतं. साधा, रोजचा प्रश्न होता.

"सोडलेच नाहीत," सुतार म्हणाला आणि त्यानं मान भिंतीकडे वळवली.

बाहेरच्या बाकावर कोणी नव्हतं. तपासबाईंनी नर्सला विचारलं, "यांच्या घरून कोण येतं?"

"कोणी नाही. बायको पहिल्या दिवशी दारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली."

२

विमान धावपट्टीच्या अलीकडे तीनशे पावलांवर, वाळक्या गवतात पडलं होतं. दोन जणांचं, घरी बांधलेलं, पांढरं. सुतारानं आणि त्याच्या बायकोनं सात वर्षं खपून उभं केलेलं. शेपूट धड होती, नाक जमिनीत घुसलं होतं आणि उजवा पंख खाली दबला होता. तो उचलायला क्रेन दुसऱ्या दिवशी मिळणार होती.

तपासबाई विमानापासून धावपट्टीपर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी वळून पाहिलं. विमान धावपट्टीच्या अगदी सरळ रेषेत पडलं होतं. शेवटचं वळण घेतात ती जागा पार पलीकडे, उंच झाडांच्या रांगेमागे होती. वळणात पडलेलं विमान त्या झाडांपाशी पडायला हवं होतं. हे तर वळण पुरं करून, शहाण्यासारखं सरळ येत होतं.

त्या परत आल्या आणि मोडक्या काचेतून आत वाकल्या. फ्लॅपचा लिव्हर पहिल्या खाचेत होता. डावा फ्लॅप खाली लोंबत होता. उजव्या पंखाची मागची कड गवतात रुतलेली, पण हात घालून चाचपता येत होती. त्यांनी हात घातला.

उजवा फ्लॅप वर होता. पंखाला घट्ट चिकटलेला.

एक फ्लॅप खाली आणि दुसरा वर. जमिनीपासून शंभर मीटरवर असं झालं, तर विमान एका कुशीवर कलंडणार आणि ते सावरायला देवाचे हातही पुरायचे नाहीत.

म्हणजे सुतारानं फ्लॅप सोडले होते. आणि काय बिनसलं, हेही त्याला ठाऊक होतं. तरी तो सगळं आपल्या अंगावर घेत होता.

कोणासाठी?

३

सुताराची बायको मैदानावरच्या विमानांच्या शेडमध्ये सापडली. शिवणकाम करणारी बाई, बारीक चणीची. पांढऱ्या विमानाच्या रिकाम्या जागेत एका खोक्यावर बसली होती. शेजारी दुसरं विमान उभं होतं. तोच आकार, तीच बांधणी, फक्त रंग निळा. ते सुताराच्या मित्राचं, डॉक्टरांचं. दोन मित्रांनी एकाच नकाशावरून, एकाच छपराखाली दोन विमानं बांधली होती.

"जुळी भावंडं म्हणायचो आम्ही," ती म्हणाली. "एकानं माझा भाऊ खाल्ला."

"तुमचे यजमान म्हणतात, चूक त्यांची."

"मग असेलच." तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नाही, बाई. आईला काय सांगू? जावयानं हौसेपायी तुझा मुलगा घालवला?"

"ते बेपर्वा आहेत का?"

तिला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं ती म्हणाली, "नाहीत. तेच कळत नाही. साधा स्क्रू तीनदा तपासणारा माणूस. मला म्हणायचे, घाई झाली तर खुर्ची कर, विमान करू नको."

"तुम्ही काय काय केलं यात?"

"पंखाचं कापड सगळं माझं. आणि आतल्या जोडण्या. ह्यांचा पंजा म्हणजे फावडं, पंखाच्या आत जातोय कुठला! माझा हात जायचा." तिनं मनगट पुढे केलं. "फ्लॅपच्या दांड्या, त्यांचे बोल्ट, नट सुटू नये म्हणून घालायच्या पिना, सगळं मीच बसवलं. आणि बसवला की प्रत्येक बोल्टावर नेलपॉलिशची रेघ ओढायची, डोक्यावर आणि नटावर. नट जरा फिरला तर रेघ तुटते, लगेच कळतं. हे हसायचे. म्हणायचे, विमानाला नटवतेस का?"

"रंग कुठला?"

"जांभळा. डॉक्टरभावोजी त्यांच्या विमानाला पिवळा रंग लावतात."

तपासबाईंना आता सगळं लख्ख दिसत होतं. उजवा फ्लॅप सुटला तेव्हा सुतारानं मान वळवून तो पाहिला असणार. आणि त्याला त्याच क्षणी आठवलं असणार की ती जोडणी कोणाच्या हातची. पिन घालायला ती विसरली, असंच त्याला वाटलं. सख्ख्या बहिणीच्या हातून भाऊ गेला, हे तिला कधीच कळू नये म्हणून त्यानं खोटी कबुली दिली होती. तिनं आपला तिरस्कार केला तर करू दे, पण स्वतःचा करू नये.

"काय झालं, बाई?" तिनं विचारलं. "माझ्या कामात काही...?"

"अजून पंख उघडला नाही," तपासबाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं, तो उघडूच नये.

४

डॉक्टर दातांचे होते. दवाखाना आरशासारखा स्वच्छ. ते खिडकीपाशी बसून प्लास्टरच्या जबड्यावर बारीक तार वळवत होते. पक्कडीची एक नाजूक गिरकी, आणि तार दातामागे जाऊन बसायची.

"सुतार म्हणजे माझा भाऊच," ते म्हणाले. "शनिवारपासून घास गिळत नाही."

"तुम्ही शनिवारी मैदानावर होतात?"

"होतो ना. माझ्या विमानाची तपासणी होती. निरीक्षक वर्षातून दोनदाच येतात. सकाळी दहाला मी त्यांना घेऊन पोचलो, तोवर सुतार उडून गेला होता. तो त्या दिवशी उडणार हेच मला माहीत नव्हतं."

"तुमचं विमान पास झालं?"

"झालं." डॉक्टरांना हसू आवरेना, मग त्यांनीच ते आवरलं. "गुरुवारी पहिलं उड्डाण. सुतारानंच आग्रह केला असता, थांबू नको म्हणाला असता."

"गुरुवारी? परवाच?"

"हवामान चांगलं आहे."

"शेडची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"त्या दोघांकडे आणि माझ्याकडे. का हो?"

"सवय. विचारून ठेवते."

जिना उतरताना तपासबाईंना काहीतरी खटकत होतं. चपलेत खडा असावा तसं. नेमकं काय, ते मात्र कळेना.

५

बुधवारी सकाळी क्रेननं पंख उचलून उताणा ठेवला. फ्लॅपची जोडणी पंखाच्या पोटात, ताटलीएवढ्या झाकणाआड होती. झाकण चारही स्क्रूंनी घट्ट बंद. साधं ओरखडलेलंसुद्धा नाही.

तपासबाईंनी एकेक स्क्रू स्वतः काढला. आत एक सुटलेला बोल्ट पडलेला दिसणार, जांभळ्या रेघेचा, पिन नसलेला. मग त्या बाईला ते सांगावं लागणार.

झाकण निघालं. त्यांनी विजेरी धरली.

आत बोल्ट नव्हताच.

दांडीचं टोक मोकळं लोंबत होतं. नट नाही, वॉशर नाही. दांडीचं भोक गोल गरगरीत, कड जराही ओढली गेलेली नव्हती. म्हणजे बोल्ट तुटून निघाला नव्हता. सुटून पडला म्हणावं, तर या बंद डबीतच सापडायला हवा होता. दांडी बाहेर येते ती फट इतकी अरुंद की तिच्यातून नट जाणं अशक्य. हे विमान आधीच्या रविवारीच उडालं होतं, फ्लॅप सोडून नीट उतरलं होतं. तेव्हा बोल्ट जागेवर होता.

बंद खोलीतून वस्तू नाहीशी झाली, तर ती कोणीतरी दार उघडून नेलेली असते आणि जाताना दार लावलेलं असतं.

कोपऱ्यात काहीतरी चमकलं. त्यांनी चिमट्यानं उचललं. केसाहून जाड, सुईहून बारीक अशी तार, दोन ठिकाणी तुटलेली. बोल्टाच्या जागी कोणीतरी तारेचे दोन वेढे घालून दांडी अडकवून ठेवली होती. जमिनीवर लिव्हर ओढून बघितला तर फ्लॅप मुकाट हलला असता. हवेत, वाऱ्याचा दाब आल्यावर तार तटकन तुटली.

तारेच्या टोकाला एक नाजूक गिरकी होती.

अशी गिरकी त्यांनी कालच पाहिली होती. आणि चपलेतला खडाही आत्ता सापडला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जुळ्यातलं एक विमान माणूस घेऊन पडलं, का पडलं कोणाला ठाऊक नाही, आणि दुसऱ्याचा मालक पाचव्या दिवशी त्यात बसायला निघतो? एक झाकण उघडून बघत नाही? ते का पडलं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच असा निर्धास्त असतो.

६

मैदानावरच्या रेडिओच्या खोलीत एक म्हातारा बसायचा. सगळे त्याला रेडिओमामा म्हणत. आलं-गेलं विमान वहीत टिपायचं आणि वारा कुठून आहे ते वैमानिकाला सांगायचं, एवढं त्याचं काम.

"सरळ येत होतं, मॅडम," तो म्हणाला. "दोरीवर चालल्यासारखं. आणि एकाएकी उजव्या कुशीवर उलटं झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं."

"ते उडालं कधी?"

"दहाला पाच कमी. पडलं दहा पस्तीसला. चाळीस मिनिटं वर होतं."

"डॉक्टर तेव्हा कुठे होते?"

"शेडमध्ये गेले आणि तसेच धावत इथे आले. धापा टाकत. 'सुतार कुठाय?' म्हणाले. मी म्हटलं, वर आहे, मेहुण्याला डोंगर दाखवतोय. मटकन खाली बसले. पाणी प्यायले. दोनदा विचारलं, परत कधी येणार म्हणून."

"मग?"

"मग निरीक्षकसाहेब आले आत. याच टेबलावर डॉक्टरांचे कागद पसरले. एकेक पान बघत होते, सह्या करत होते." मामानं रेडिओचा माइक उचलून परत ठेवला. "डॉक्टरांनी हा असा उचलला होता. मी विचारलं, सुतारला काही सांगायचंय? त्यांनी साहेबांकडे बघितलं. म्हणाले, नाही, सहज. आणि ठेवून दिला."

"एकदाच?"

"दोनदा, मॅडम."

फ्लॅप न सोडताही विमान उतरतं. जरा वेगात उतरतं, जरा लांब धावतं, एवढंच. तपासबाईंनी नवशिक्यांनासुद्धा तसं उतरवायला शिकवलं होतं. रेडिओवर चार शब्द पुरले असते. फ्लॅप सोडू नकोस, मित्रा.

७

गुरुवारी सकाळी सात वाजता निळं विमान शेडच्या दारात उभं होतं. डॉक्टरांनी नवं जाकीट घातलं होतं. तपासबाई उजव्या पंखाजवळ गेल्या.

"हे झाकण उघडा."

"निरीक्षकांनी पास केलंय, मॅडम."

"म्हणूनच. त्यांनी काय पास केलं ते मला बघायचंय."

डॉक्टरांनी चार स्क्रू काढले. आत बोल्ट, नट, पिन, सगळं जागच्या जागी. नटावर पिवळी रेघ.

"झालं समाधान?"

"तुमच्या पिशवीत तो दात बघायचा आरसा असतो ना? द्या जरा."

डॉक्टरांनी आरसा दिला. काय देतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तपासबाईंनी लांब दांडीचा इवलासा आरसा आत सरकवला आणि बोल्टाच्या मागे नेला. बोल्टाचं डोकं तिकडे होतं, डोळ्याला न दिसणारं. त्यावर अर्धवट खरवडलेली, जांभळी रेघ.

"तुम्ही नट पुसलात," त्या म्हणाल्या. "डोकं नीट पुसायचं राहिलं."

"वहिनींनीच दिला असेल. त्यांच्याकडे जादाचे..."

"जादाच्या बोल्टावर त्या रेघ कशाला ओढतील? रेघ बसवल्यावर ओढतात. हा बोल्ट एका विमानात बसून मग इथे आलाय. आणि त्याच्या जागी ही होती." त्यांनी तारेचा तुकडा तळहातावर धरला. "ओळखीची आहे?"

डॉक्टर चाकापाशी खाली बसले. नव्या जाकिटाला ग्रीस लागलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"माझा बोल्ट अडकला होता," ते म्हणाले. "कापूनच काढावा लागला. नवा मागवला, आला नाही. म्हणून शुक्रवारी सुताराचा काढला. निरीक्षक पुन्हा सहा महिन्यांनी येणार. फक्त एक दिवसाचा प्रश्न होता. शनिवारी दुपारी मी तो परत बसवणार होतो. सुतार रविवारशिवाय उडत नाही, मॅडम. आजवर कधी शनिवारी उडाला नाही!"

"सांगितलं का नाहीत त्याला? त्यानं हसत दिला असता."

"दिलाच नसता. म्हणाला असता, थांब सहा महिने. तो तसाच आहे."

"हे झालं शुक्रवारचं. चूक म्हणू. पण शनिवारी माइक दोनदा तुमच्या हातात होता."

डॉक्टरांनी चेहरा ओंजळीत घेतला.

"समोर निरीक्षक बसले होते. मी बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, फ्लॅपला काय झालंय, तुम्हाला कसं माहीत. मला वाटलं, तार टिकेल. मी चांगली वळली होती. तोंडात वर्षानुवर्षं टिकते ती."

कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. सुताराची बायको शेडच्या दारात उभी होती. डॉक्टरांचं पहिलं उड्डाण म्हणून नव्हे, आपलं सामान न्यायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"भावोजी," ती हळू म्हणाली, "माझ्या भावाचा आवाज ऐकला होतात ना रेडिओवर? रेडिओमामा सांगत होते, तो मागून ओरडत होता, ताईला सांगा, घर इथून दिसतंय."



८

इस्पितळात जाताना तपासबाईंनी सुताराच्या बायकोला गाडीत सगळं सांगितलं. सुताराची खोटी कबुली, ती कशासाठी दिली, सगळं. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली.

"म्हणजे ह्यांना वाटलं," शेवटी ती म्हणाली, "की मी पिन विसरले."

"तुम्हाला वाचवायला खोटं बोलले ते. तुरुंगात जायची तयारी होती त्यांची."

"ते कळलं मला."

ती एकटीच खोलीत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. तपासबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. उघड्या वहीत 'अपघाताचं कारण' एवढंच लिहिलेलं होतं, पुढे कोरं.

आतून सुताराचा आवाज आला. "तू आलीस?"

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं मी तुमच्या शेजारी बसून काम केलं. बोटं सोलवटून घेतली. आणि तुम्हाला वाटलं, मी विसरले?"

"अगं, मी फ्लॅप बघितला आणि..."

"डॉक्टरांनी काढला होता बोल्ट. चोरून. मी नाही विसरले."

एक विचित्र आवाज, मोठ्या माणसाच्या रडण्याचा, ज्याला रडायची सवय नसते तसा.

"एकदा विचारायचं तरी मला," ती म्हणत होती. "भांडायचं, ओरडायचं. पाच दिवस मी तुम्हाला शिव्याशाप दिले. आईसमोर दिले. तो गेला, आणि वर तुम्हालाही मी... असं कोणी करतं का? सांगा ना, असं कोणी करतं का?"

स्टूल फरशीवर ओढल्याचा कर्कश आवाज झाला. पलंगाच्या अगदी जवळपर्यंत ओढलं असावं.

"आता आईला फोन लावा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. मी इथे बसते."

तपासबाईंनी वही मिटली आणि हात लांब करून दार हलकेच लोटलं.